बिजागरीची बाजू

"साहेब, कुलपं भक्कम आहेत, पण चुकीच्या बाजूला आहेत," सुतार म्हणाला. मग वाकून त्याने बाजूच्या फाटकाच्या कडेखाली हात घातला, गुडघा लाकडाला टेकवला आणि फाटक उचललं. फार नाही, इंचभर. तेवढ्याने काम झालं. खांबात ठोकलेल्या दोन उभ्या खुंट्या आणि त्यांच्यावर अडकवलेल्या लोखंडी पट्ट्यांची गोल भोकं यांची ताटातूट झाली, आणि फाटकाची ती बाजू खांबापासून सुटून अलगद आत आली. दुसऱ्या बाजूला तीन कडी-कोयंडे होते, त्यांत तीन कुलपं होती, एक पितळी, दोन पोलादी. ती सगळी जागच्या जागी लावलेलीच होती. फाटक आता त्यांच्यावरच फिरत होतं. सुताराने ते वीतभर उघडलं, पलीकडचा रस्ता दाखवला, पुन्हा मिटलं, इंचभर उचललं आणि खुंट्यांवर बसवून दिलं. "झालं," तो म्हणाला. घराच्या धन्याच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता. कुलपं उघडून द्यावीत म्हणून तो आणलेला होता. शनिवारची सकाळ होती, अकरा वाजायला आले होते, लख्ख ऊन होतं, आणि आपण उभे आहोत ती जमीन आपलीच आहे ना, अशी शंका त्याला त्या उन्हात आली.

ऑफिसात त्याला 'जपून' म्हणत. विमा कंपनीत तो नुकसानीचे दावे तपासायचा. तीस वर्षं सकाळी दहा ते संध्याकाळी सहा लोकांची जळालेली, फुटलेली, चोरीला गेलेली घरं वाचून काढायची, आणि कोणी चहाला जरी उठलं तरी वर न बघता म्हणायचं, "जपून." आधी मस्करी म्हणून पडलेलं नाव पुढे इतकं रुळलं, की नवी माणसं त्याला 'जपूनसाहेब' म्हणून हाक मारत आणि तो ओ देत असे. त्या कागदांतून एकेक कुलूप घरी आलं होतं. लग्नानंतर हे घर घेतलं तेव्हा फाटकाला नुसती साधी कडी होती. मग एका फाइलीत एक म्हातारी आली, तिच्या घरात मागच्या बाजूने कोणी शिरलं होतं. ती पितळी कुलूप घेऊन आली. दुसरं कुलूप मुलगी झाली तेव्हाचं. तिसरं ती सोळा वर्षांची झाली आणि मैत्रिणींबरोबर जायचं म्हणून भांडली तेव्हाचं, म्हणजे अकरा वर्षांपूर्वीचं. तिन्ही किल्ल्या त्याच्याच खिशात. मुलगी शिकली, दुसऱ्या शहरात नोकरीला लागली, दर रविवारी फोन करते, कुलपं राहिली. रोज रात्री जेवण झालं की तो घराच्या कडेच्या बोळीत जाऊन तिन्ही कुलपं एकेकदा ओढून बघायचा आणि मगच त्याला जांभई यायची. याच बुधवारी तिसऱ्या घरातली सायकल गेली. फाटक बिजागरीतून काढून बाजूला ठेवलेलं सापडलं. तो दुसऱ्याच दिवशी सुताराकडे गेला आणि म्हणाला, आमचं फाटक जरा झुकलंय, खालून कुजलंय, ते अगदी पक्कं करून द्या. कुलपांची बाजू त्याने स्वतः बघितलेली होती. बिजागरीच्या बाजूकडे तो कधी फिरकलासुद्धा नव्हता. दार उघडतं ती बाजू आपण सांभाळतो. दार टांगलेलं असतं ती बाजू कोण बघतो?

सुतार म्हातारा होता. एका कानाने कमी ऐकायचा आणि त्यामुळे सगळ्यांशी जरा मोठ्याने बोलायचा. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि वरच्या खुंटीजवळ तोंड नेलं. बराच वेळ बघत राहिला. "हे बघा," तो म्हणाला, "खालचं लोखंड गंजलंय. पट्टी गंजलीये. खिळे गंजलेत. आणि खुंटी बघा, चमचम करतेय. हे रोज उचललं जातंय साहेब."

"म्हणजे? बाहेरून कोणी…"

"बाहेरून कुठला हात पोचतोय? पट्ट्या आतल्या बाजूला आहेत. आतून." त्याने खुंटीवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं. "पातळ तेल आहे. शिवणयंत्राचं." आणि मग, जसं काही त्याला समोरच्या माणसाचा चेहरा दिसतच नव्हता, तो कौतुकाने म्हणाला, "ज्याचा कोणाचा हात आहे तो शहाणा आहे. एवढी वर्षं उचललंय, पण लाकडाला चरा नाही. मी आत्ता एकदा उचललं तर बघा, खांबाला ओरखडा काढला."

आत, मागच्या खोलीत, शिवणयंत्र चालू होतं. घराच्या धन्याची बायको बायकांचे कपडे आखूड-लांब करून द्यायची, गेली कित्येक वर्षं. यंत्राचा आवाज थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा, तसाच आत्ताही थांबत आणि सुरू होत होता. सुतार पुढे काय काय बोलला ते त्याने अर्धंच ऐकलं. खालच्या दोन फळ्या बदलायच्या. तिरकी पट्टी पूर्वी कोणीतरी उलटी मारलीय, ती खालच्या बिजागरीपासून वर कुलपाकडे चढली पाहिजे, म्हणजे भार खांबावर जातो. उलटी मारली की फाटक रोज थोडं थोडं झुकतं. पट्ट्यांना खिळे नकोत, आरपार बोल्ट हवेत. आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं: खालची खुंटी आहे तशी वर तोंड करून राहू दे, पण वरची खुंटी उलटी बसवायची, खाली तोंड करून. "मग ते कोणाच्या बापाला उचलता यायचं नाही. वर उचलायला जाल तर वरची खुंटी दाबून धरेल. एवढंच हो. अर्ध्या तासाचं काम. पण लोहाराकडून खुंटी वळवून आणायला हवी. पुढच्या शनिवारी येतो." त्याने कानामागची पेन्सिल काढून खांबावर दोन रेघा मारल्या आणि तो गेला. घराचा धनी मात्र बोळीतच उभा राहिला. बायको पंचेचाळीस किलोची होती. मागच्या महिन्यात डॉक्टरांकडे वजन केलं होतं, त्याने स्वतः काट्यावर वाकून आकडा वाचला होता.

त्या दुपारी तिने त्याच्यासमोर बरणी आणून ठेवली. "अहो, एवढं झाकण उघडून द्या ना. मला नाही निघत." हे गेली एकोणतीस वर्षं चाललेलं होतं. बरण्या, बाटल्या, अडकलेला खिडकीचा खटका, वरच्या फळीवरचा डबा. तो उठायचा, हात पुसायचा, जरा जास्तच जोर लावल्यासारखं करायचा आणि झाकण उघडून द्यायचा, आणि ती "बघा, किती सहज" असं म्हणायची. आज त्याने बरणी हातात घेतली आणि तिच्या हातांकडे पाहिलं. साधे हात. सुई टोचून टोचून अंगठ्याशेजारचं बोट खरखरीत झालेलं, मनगटं एवढीशी, डाव्या मनगटात कधी काळी घेतलेली बांगडी. या हातांनी ओल्या सागाचं ते धूड रोज उचललं जात होतं. कशाला, कधी, हे प्रश्न नंतर येतील असं त्याला वाटलं. आधी त्याला नुसतंच तोंडात बोट घालावंसं वाटलं. त्याने झाकण फिरवलं. ते सहज निघालं. खरं तर ते घट्ट नव्हतंच. "बघा, किती सहज," ती म्हणाली आणि बरणी घेऊन आत गेली. तो तसाच बसून राहिला. म्हणजे ही इतकी वर्षं मला बरण्या उघडायला देते आहे, त्याने मनाशी म्हटलं, आणि त्याचा राग यायला हवा होता, तो आला नाही. उलट लहानपणी कोणी न सांगता आपल्या ताटात जास्तीचं वाढलं की कसं व्हायचं, तसं काहीतरी झालं.

त्याचा गजर सहाचा होता आणि त्याच्या आधी तो कधी जागा होत नसे. त्याची झोप हीच काय ती त्याच्या घरातली बेसावध गोष्ट होती. रविवारी तो पहाटे पावणेपाचला जागा झाला आणि डोळे मिटून पडून राहिला. शेजारची उशी आधीच रिकामी होती. आवाज काहीच नव्हता. चपलांचा नाही, नळाचा नाही, कडीचा नाही. तो अनवाणी स्वयंपाकघरात गेला. तिथल्या खिडकीतून बोळ दिसायची. उजाडायला अजून वेळ होता, पण आकाशाचा काळा रंग विटायला लागला होता आणि पांढऱ्या शालीतली बायको त्यात ओळखू येत होती. ती फाटकाशी, बिजागरीच्या बाजूला, उभी होती. तिने हाताची बोटं एकदा मिटून उघडली. मग ती वाकली, पण पाठीतून नाही. गुडघ्यांतून खाली गेली, खांदा फाटकाच्या आडव्या पट्टीखाली दिला, एक श्वास घेतला, आणि उभी राहिली. बस्स, नुसती उभी राहिली. फाटक तिच्याबरोबर वर आलं. तिने ते ओढलं नाही, ढकललं नाही. पायाने थोडं मागे सरकून त्याला आपल्यामागे येऊ दिलं, आणि ते आलं, त्याच्या तिन्ही कुलपांवर गोल फिरत आलं. इतक्या वर्षांत रात्री रात्री जाऊन ओढून बघितलेली, तेल घातलेली, पावसाळ्यात प्लास्टिक गुंडाळलेली त्याची कुलपं, आणि ती हिची बिजागरी होती. एक वीत फट झाली तशी ती कुशीवर वळून बाहेर पडली, आणि बाहेरून फाटक अलगद टेकवून ठेवलं. रस्त्यावरून बघणाऱ्याला ते बंदच दिसलं असतं.

तो खिडकीशी किती वेळ उभा होता, हे त्याला सांगता आलं नसतं. भीती वाटायला हवी होती. भीती हा त्याचा धंदा होता, ती त्याला घरच्यासारखी ओळखीची होती; कुठून येते, कुठे बसते, काय मागते, सगळं माहीत. पण आत्ता जे आलं ते वेगळं होतं. ते छातीत न बसता डोक्यावरून गेलं. एकदा, तो नऊ-दहा वर्षांचा असताना, वडिलांनी त्याला धरणावर नेलं होतं आणि एका लोखंडी दारापाशी उभं केलं होतं. दाराच्या पलीकडे पाणी आहे, वडील म्हणाले होते, आपल्या डोक्यावर चार मजले उंच. दारावर हात ठेव. त्याने ठेवला होता. दार गार होतं आणि अगदी शांत होतं. तेव्हा जे वाटलं होतं तेच आज, स्वयंपाकघरात, पायाखालच्या गार फरशीवर वाटलं. तेव्हा वडिलांनी हात सोडला होता, हे त्याला आत्ता आठवलं. पण भीती नव्हती वाटली तेव्हाही. भीती नंतर शिकलो आपण, पगार घेऊन.

सहाला दहा कमी असताना ती परत आली. आधी फट रुंदावली, मग पांढरी शाल आत आली. ती पुन्हा गुडघ्यांत वाकली, खांदा दिला, उठली, आणि फाटक खुंट्यांवर बसवलं. या वेळी त्याने कान टवकारले होते, तरी लोखंडावर लोखंड बसल्याचा आवाज त्याला आला नाही. मग तिने कमरेला खोचलेली एवढीशी कुपी काढली, दोन्ही खुंट्यांवर एकेक थेंब सोडला, बोट शालीला पुसलं. तो पळत जाऊन अंथरुणात शिरला आणि झोपल्याचं सोंग घेतलं. त्याला ते सोंग जमेना. श्वास कसा घ्यायचा हेच त्याला आठवेना. सहाचा गजर झाला तेव्हा चहाचा वास घरभर होता आणि ती स्वयंपाकघरातून म्हणत होती, "उठा आता, गजर वाजून गेला."

सोमवारी ती गेल्यावर तो बोळीत उतरला. फाटक टेकवलेलं होतं. त्याने ते आत ओढून कुलपं देतील तेवढी, वीतभर फट केली आणि तीत आधी हात, मग खांदा घातला, मग पोट अडकलं. काही केल्या जाईना. श्वास ओढला, बटण तुटलं, तरी जाईना. तिन्ही कुलपं कुरकुरली. आपल्याच घराच्या फाटकात अडकलेला, चोपन्न वर्षांचा, विमा कंपनीतला वरिष्ठ तपासनीस. या प्रसंगाचा दावा कोणी दाखल केला असता तर मी नामंजूर केला असता, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला एकट्यालाच हसू फुटलं. मग बाहेर कसा पडणार? कुलपं काढावीत तर फाटकच आडवं झालं असतं. पुढच्या दाराला वरचा बोल्ट, खालचा बोल्ट, साखळी आणि लॅच, आणि ते सगळं काढताना होणारा आवाज शेजाऱ्यांच्या घड्याळाचं काम करायचा. तो मागे फिरला. पाठलाग करायचा विचार त्याने तिथेच सोडून दिला, आणि सोडल्यावर बरं वाटलं. मग रोज पावणेपाचपासून ती परत येईपर्यंत तो खिडकीशी बसू लागला. मनात सगळ्या शक्यता येऊन गेल्या. त्याच्यासारख्या माणसाच्या मनात न येऊन कशा राहतील? कोणी माणूस असेल. कोणी आजारी नातेवाईक असेल. कर्ज असेल, व्यसन असेल, देवऋषी असेल. एकेक शक्यता तो फाइलीसारखी उघडायचा, आणि दर वेळी तिच्या चेहऱ्यावर येऊन ती बंद व्हायची. चेहरा काही लपवणाऱ्या माणसाचा नव्हता. चेहरा नुकतं तोंड धुतलेल्या माणसाचा होता. जाणं त्याला समजत होतं. या घरातून कोणालाही जावंसं वाटेल, हे त्याला त्या खिडकीत बसून चार दिवसांत कळलं होतं. मुलगी भांडली तेव्हाच कळायला हवं होतं. त्याला समजत नव्हतं ते येणं. फाटक उघडं होतं. रस्ता समोर होता. तिसरं कुलूप लागल्यापासून धरलं तर अकरा वर्षांत चारेक हजार सकाळी झाल्या असतील, आणि प्रत्येक सकाळी ती कुठूनशी मागे वळली, चालत आली, वाकली, ते धूड खांद्यावर घेतलं आणि आपल्या हाताने स्वतःला पुन्हा आत घालून फाटक लावलं. वर तेल घातलं. त्याला कोणी डांबून ठेवलं असतं आणि वाट सापडली असती, तर तो आला असता का परत? त्याने प्रामाणिकपणे उत्तर शोधलं आणि त्याला ते आवडलं नाही.

त्या आठवड्यात ऑफिसात त्याची दोनदा चूक झाली. कोणी चहाला उठलं आणि तो काही बोलला नाही, तेव्हा सगळ्यांनी माना वर करून पाहिलं. घरी तो तिला बघत राहायचा. सुईत दोरा ओवताना ती ओठ मुडपते. चालताना उजवा गुडघा जरा जपते. तो इतकी वर्षं समजत होता, की तिला बाहेरची भीती वाटते, म्हणून ती कुठे जाते म्हणत नाही. सुरुवातीला म्हणायची. मैत्रिणीकडे जाऊन येते. बाजारात जाऊन येते. मग तो विचारायचा, केव्हा येशील, कोण कोण आहे, रस्ता कुठला घेणार, पोचल्यावर फोन कर. ती सगळ्याची उत्तरं द्यायची, आणि तिचं जाणं हळूहळू कमी कमी होत गेलं, आणि त्याला वाटलं, वय झालं, घरची ओढ लागली. त्यालाच त्या 'ओढ' शब्दाची आता लाज वाटली. शुक्रवारी जेवताना त्याने बोलायचं ठरवलं. "तो सुतार उद्या येणार आहे," तो म्हणाला. "हो, म्हणाला होतात," ती म्हणाली. "वरची खुंटी उलटी बसवणार म्हणतो. म्हणजे मग फाटक उचलता येत नाही." तिने पाणी प्यायलं, पेला खाली ठेवला. "चांगलं आहे की," ती म्हणाली. त्याने हातातला घास पुन्हा ताटात ठेवला.

शनिवारी सुतार आला. सोबत दोन ताज्या फळ्या, पिशवीभर बोल्ट आणि लोहाराकडून आणलेली नवी खुंटी, तिला अजून भट्टीचा काळा वास होता. त्याने फाटक काढून दोन स्टुलांवर आडवं टाकलं, कुजलेल्या फळ्या उपसल्या आणि तिरकी पट्टी सुलटी मारली. त्याचं काम बघत घराचा धनी शेजारी उभा राहिला. एरवी त्याने दर मिनिटाला काहीतरी विचारलं असतं. लाकडाचा भुसा उडत होता, ऊन त्यात चमकत होतं, आणि म्हातारा रंधा एका लयीत मागे-पुढे सारत होता. प्रत्येक बोल्ट आरपार गेला की तो पलीकडून चाकी घालून आवळायचा आणि हाताने थोपटायचा. शेवटी सगळं झालं आणि त्याने नवी खुंटी हातात घेतली. "ही उलटी बसवू ना?"

"नको," तो म्हणाला. आपण हे म्हणणार आहोत हे त्याला म्हणेपर्यंत माहीत नव्हतं. "वर तोंड करूनच बसवा. जुनी होती तशी."

"अहो, मग सगळंच वाया. कोणी पण उचलून नेईल."

"असू दे. तशीच बसवा."

"उलटी बसवा," मागून आवाज आला. बायको स्वयंपाकघराच्या पायरीवर उभी होती, गळ्यात मोजमापाची फीत, ओठांत दोन टाचण्या. तिने टाचण्या काढून पदराला लावल्या. "आणि पक्की बसवा. सैल नको."

सुतार एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघायला लागला. मग तो शहाण्यासारखा आपल्या हत्यारांकडे वळला आणि ऐकू येत नसलेला कान त्यांच्याकडे केला. घराचा धनी पायरीपाशी गेला. काय बोलायचं ते त्याने आठवडाभर जमवलं होतं, त्यातलं एक अक्षर त्याला आठवेना.

"तुम्ही खिडकीत बसता ते मला मंगळवारीच कळलं," ती म्हणाली. "खुर्ची सरकवलेली होती."

"मग तरी गेलीस?"

"जायचं होतं."

"कुठे जातेस?" तो म्हणाला, आणि लगेच म्हणाला, "नको सांगूस."

"सांगायला काय आहे? पाण्याच्या टाकीपर्यंत. मोठा रस्ता, मग बेकरी, मग टाकी. तिथे जरा उभी राहते. आणि येते." ती थोडं हसली. "तुम्हाला काय वाटलं?"

"मला काही वाटलं नाही," तो म्हणाला. हे खोटं होतं आणि दोघांनाही ते माहीत होतं. "तू… तू ते फाटक उचलतेस. मी बघितलं. मला…" त्याला शब्द सापडेना. साहेबी भाषेतला नाही, घरचा नाही. "मी असं काही आयुष्यात बघितलं नाही," तो शेवटी म्हणाला.

तिने मान खाली घातली. कौतुक ऐकायची तिला सवय नव्हती, ते दिसलं. "त्यात काय," ती म्हणाली, "एकदा झाडताना खाली काठी अडकली. काढायला म्हणून जरा उचललं तर फाटकच हातात आलं. पहिल्या दिवशी तर मी ते तसंच लावून आत पळाले. महिनाभर हातच लावला नाही. मग एक दिवस लावला."

"मला किल्ली मागितली असतीस तर मी…"

"दिली असतीत. माहीत आहे. आणि मग म्हणाला असतात, शाल घे. बॅटरी घे. फोन घे. किती वाजता येशील. आज पाच मिनिटं उशीर का झाला. आणि पाचव्या दिवशी तुम्ही बूट घालून बरोबर आला असतात." तिने हे रागाने म्हटलं नाही. तिने ते, कोणाच्या बाहीचं माप सांगावं, तसं सांगितलं. आणि माप बरोबर होतं. इंचभरही इकडेतिकडे नाही.

"मग आता उलटी कशाला बसवायची?" त्याने विचारलं. "मी नाही बघणार खिडकीतून. शपथ."

"गुडघा दुखतो आता," ती म्हणाली. "आणि तिसऱ्या घरातली सायकल गेली ना? चोर काही माझ्यासारखा जाताना फाटक लावून जाणार नाही. पक्कं करून घ्या. खरंच." मग तिने पायरीवरून एक पाय खाली टाकला आणि आवाज उतरवला, सुतारासाठी नव्हे, त्याच्यासाठी. "मी उद्यापासून पुढच्या दाराने जाईन. पाच वाजता. बोल्ट मी काढेन, मोठ्याने वाजले तर वाजू देत. तुम्ही उठायचं नाही, असं नाही म्हणत. उठा. पण काही विचारायचं नाही. एक अक्षर नाही. जमेल?"

"जमेल," तो म्हणाला.

"बघा हं. फाटक उचलण्यापेक्षा अवघड आहे ते तुम्हाला."

सुताराने फाटक खालच्या खुंटीवर चढवलं, मग वरची खुंटी खाली तोंड करून पक्की बसवली आणि दोन्ही हातांनी, मग खांद्याने, ते उचलून बघायचा प्रयत्न केला. हललं नाही. तो खूश झाला. "आता हत्ती आला तरी," तो म्हणाला. घराच्या धन्यानेही हात लावून बघितला. फाटक जमिनीत उगवल्यासारखं उभं होतं, भार कसा फळीवरून पट्टीवर आणि पट्टीवरून खांबावर उतरतो आहे ते हाताला कळत होतं. इतकं चांगलं काम त्याच्या घरात पूर्वी झालेलं नव्हतं. इतकी वर्षं ज्याचा ध्यास घेतला ती सुरक्षितता ही अशी असते तर, त्याला वाटलं. हवी तेव्हा ती मिळाली नाही, आणि मिळाली त्या दिवशी हिने तिच्याकडे पाठ फिरवून पुढचं दार मागितलं.

रविवारी पाचला पाच कमी असताना तो समोरच्या खोलीत खुर्चीवर बसलेला होता. तिने शाल घेतली. वरचा बोल्ट काढला, तो कडाडला. खालचा काढला. साखळी सोडली, ती दारावर आपटून खणखणली, शेजारी कोणीतरी खोकलं. लॅच फिरलं. दार उघडलं तशी बाहेरची गार हवा आत आली, आणि हवेबरोबर रस्त्यावरचा सगळा काळोख, दिव्याचा एक पिवळा डाग, लांबवर कुठेतरी सुरू झालेल्या ट्रकचा आवाज. त्याच्या घशाशी सगळं एकदम आलं. शाल पुरेल का. रस्ता कोरडा आहे का. कुत्री असतात त्या बाजूला. गुडघा दुखतोय म्हणालीस ना. केव्हा येशील. केव्हा येशील हे तर जिभेवर बसूनच होतं, इतकं जुनं, की ते बोलायला त्याला काही करावंच लागलं नसतं. न बोलायला मात्र त्याने खुर्चीचे दोन्ही हात धरून ठेवले. ती उंबऱ्यावर थांबली. त्याच्याकडे वळून पाहिलं. ती त्या प्रश्नाची वाट बघते आहे, हे त्याला दिसलं. तिचं अर्धं अंग अजून आत होतं. एकोणतीस वर्षांची सवय होती तीही.

"काय?" ती म्हणाली.

"काही नाही," तो म्हणाला.

ती आणखी क्षणभर थांबली, मग बाहेर पडली. तिच्या चपलांचा आवाज पायऱ्यांवरून उतरला, फरसबंदीवर आला, रस्त्याला लागला. पहिल्यांदाच तो तिचं जाणं ऐकत होता. तिने दार ओढून घेतलं नव्हतं. विसरली असेल, किंवा नसेल. ते सताड उघडं होतं, रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही आतली खुर्ची, दिवा आणि त्यात बसलेला माणूस दिसला असता. त्याचे पाय उठायला निघाले. त्याने त्यांना बसवलं. चपला बेकरीच्या दिशेने वळल्या, बारीक झाल्या, आणि मग ऐकू येईनाशा झाल्या. आणि तो उघड्या दारासमोर, गार वाऱ्यात, हात खुर्चीवर घट्ट धरून बसून राहिला.